परदेशी अर्थशास्त्र शिकायचे असेल तर गणित सोडू नका!

दहावीचा निकाल लागला की आपल्या पेठेत आठ-पंधरा दिवस पेढ्यांची आणि सल्ल्यांची रेलचेल असते. पेढे संपतात, सल्ले मात्र मुलांच्या गळ्यात जन्मभर राहतात. असाच एक सल्ला आम्ही तीन वर्षांपूर्वी दिला होता. त्याची किंमत आमच्या पदरची गेली असती तर या पानावर लिहिण्याचे कारण नव्हते. ती दुसऱ्याच्या मुलीला मोजावी लागली, म्हणून लिहीत आहोत.

आमच्या शेजारच्या गाळ्यातील एका व्यापारी मित्राची ती मुलगी. दहावीला उत्तम गुण मिळवून तिने वाणिज्य शाखा निवडली. राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेत बुक-कीपिंग, ओसी, अर्थशास्त्र हे विषय घेतल्यावर बहुतेक ठिकाणी एका रकान्यात निवड करावी लागते: गणित की एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस. मुलगी गणित म्हणत होती. वडिलांनी आम्हाला विचारले. आम्ही सांगितले, ‘एसपी घ्या. पाठ करून गुण मिळतात, टक्केवारी वर राहते. गणिताचा क्लास लावा, फी भरा, आणि शेवटी गुण खाली! मुलीला कुठे इंजिनीअर व्हायचे आहे?’ सल्ला व्यवहाराचा वाटला. फॉर्मवर एसपीपुढे खूण झाली.

बारावीला तिला नव्वदच्या वर टक्के मिळाले. तिला अर्थशास्त्राची खरी ओढ होती. सुताचे भाव, डॉलरचा दर, सरकारचा कर, यांवर ती वडिलांशी वाद घालीत असे. एका नातेवाइकाच्या आधाराने लंडनला जाऊन शिकावे असे घरात ठरले. पैशाची जुळवाजुळवही सुरू झाली. मग तिने विद्यापीठांची माहितीपत्रके काढली. ज्या तीन-चार ठिकाणांवर तिचा डोळा होता त्या प्रत्येक ठिकाणी एकच ओळ होती: शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात गणित आवश्यक. तिने आम्हाला ती ओळ दाखवली आणि एवढेच म्हणाली, ‘चाचा, इथे एसपीचे नाव कुठेच नाही.’ आमच्याकडे उत्तर नव्हते.

आपल्या समाजात गैरसमज असा आहे की परदेशी विद्यापीठ म्हणजे दोनच अडचणी, इंग्रजी आणि पैसा. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. परंतु इंग्रजीची परीक्षा सहा महिन्यांच्या मेहनतीने देता येते आणि पैशासाठी माणूस दहा दारे ठोठावतो. सोळाव्या वर्षी सोडलेला विषय अठराव्या वर्षी विकत मिळत नाही.

इंग्लंडमधील नियम पाहा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या १८९५ साली स्थापन झालेल्या संस्थेत बी.एस्सी. अर्थशास्त्रासाठी तेथील ए-लेव्हल परीक्षेच्या गणितात ए-स्टार ही सर्वोच्च श्रेणी मागतात. केंब्रिजचेही तसेच. शिवाय केंब्रिजने अर्थशास्त्राच्या उमेदवारांसाठी टीएमयूए नावाची गणिताची स्वतंत्र परीक्षा ठेवली आहे, आणि लंडन स्कूलनेही आता तीच वाट धरली आहे. या परीक्षेचे दोन भाग असतात. प्रत्येक भागाला ७५ मिनिटे, २० प्रश्न, आणि कॅल्क्युलेटर वापरण्यास मनाई. हे वाचून आम्हाला आमच्या जुन्या मुनीमजींची आठवण झाली. गाठींचा हिसाब ते बोटांच्या पेरांवर करीत असत. त्यांचे नातू आज दुकानात बसून बाराला पंचवीसने गुणण्यासाठी मोबाईल काढतात.

आता भारतातील बारावी तेथे चालते की नाही? चालते, परंतु सर्व मंडळांची सारख्याच भावाने चालत नाही. अनेक विद्यापीठे सीबीएसई व आयएससी या मंडळांच्या विद्यार्थ्यांकडून एक टक्केवारी मागतात आणि राज्य मंडळांच्या विद्यार्थ्यांकडून त्याहून काही अधिक. काही ठिकाणी राज्य मंडळाच्या बारावीवर थेट प्रवेश न देता आधी एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम करायला लावतात. म्हणजे एक वर्ष अधिक आणि एक फी अधिक. गणितातही पोटभेद आहेत. सीबीएसईमध्ये २०२० पासून साध्या गणिताच्या जोडीला अप्लाइड मॅथेमॅटिक्स असा दुसरा विषय मिळतो. वाणिज्यच्या मुलांना तो सोपा वाटतो. परंतु इंग्लंडमधील कित्येक विद्यापीठे अर्थशास्त्रासाठी तो गणित म्हणून धरीत नाहीत. आपल्या राज्य मंडळातही वाणिज्य शाखेचे गणित वेगळे आणि कला-विज्ञान शाखांचे वेगळे. तेव्हा कोणते गणित चालेल हे त्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला अकरावीचा फॉर्म भरण्यापूर्वीच लेखी विचारावे. ईमेलला पैसे पडत नाहीत आणि ही कार्यालये उत्तर देतात. आपण मात्र दुकानातील ओळखीच्या माणसाला विचारतो. आमच्यासारख्या!

अर्थशास्त्राला एवढे गणित कशाला, असा प्रश्न आमच्याही मनात आला होता. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे मआशियात म्हणजे व्याख्या, फायदे-तोटे आणि पाच गुणांची टीप. परंतु आपला धंदाच पाहा. मीटरला १०० ग्रॅम सूत लागणारे कापड घ्या. सुताचा भाव किलोमागे दहा रुपयांनी चढला तर मीटरमागे खर्च एक रुपयाने वाढला. येथपर्यंत आपण सर्वजण पोहोचतो. आता कापडाचा भाव एक रुपयाने वाढवावा की साठ पैशांनी? रुपया वाढवला तर किती गिऱ्हाईक तुटेल? साठ पैसे वाढवून माल अधिक निघाला तर साचे जास्त चालतील, कारागिराला पूर्ण आठवडा काम मिळेल, पण हाती काय उरेल? कोणत्या भावाला नफा सर्वांत अधिक होतो आणि तेथून पुढे घसरू लागतो? आपण हे अंदाजाने करतो, कधी बसते, कधी फसते. हाच प्रश्न मांडून सोडवण्याच्या रीतीला गणितात कलन म्हणतात. परदेशात अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षापासून कलन, समीकरणे आणि संख्याशास्त्र लागते. ज्याने ते शाळेत पाहिलेच नाही त्याला वर्गात बसवून उपयोग नाही, असे ती विद्यापीठे मानतात. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे आम्हाला वाटत नाही.

गणिताशिवाय अर्थशास्त्राला प्रवेश देणारी विद्यापीठेही ब्रिटनमध्ये आहेत, हेही सांगितले पाहिजे. ती पहिल्या वर्षात आवश्यक तेवढे गणित शिकवतात. त्यांतील काही चांगली आहेत. परंतु येथे दलाल मंडळींपासून सावध राहावे. त्या मुलीला घेऊन आम्ही एका मोठ्या शहरातील प्रवेश सल्लागाराकडे गेलो. त्याने पाच मिनिटांत सांगितले की अर्थशास्त्र सोडा, बिझनेस मॅनेजमेंट घ्या, प्रवेश पक्का. मुलगी म्हणाली, मला ते शिकायचे नाही. तो म्हणाला, नावात काय आहे, डिग्री लंडनचीच. अशा सल्लागारांपैकी अनेकांना विद्यापीठाकडून दर विद्यार्थ्यामागे दलाली मिळते. दलाली वाईट नव्हे, आपली पेठही दलालावर चालते. पण आपल्या पेठेत दलाल कोणाचा हे दोन्ही बाजूंना माहीत असते.

प्रवेशाच्या वेळापत्रकाचीही जाण हवी. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज यूकॅस या एकाच मध्यवर्ती संस्थेमार्फत होतात आणि एका अर्जात पाच जागा निवडता येतात. ऑक्सफर्ड व केंब्रिजसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, बाकी बहुतेकांसाठी जानेवारीच्या मध्यापर्यंत. तेव्हा आपला विद्यार्थी बारावीत शिकत असतो, निकाल तर उन्हाळ्यात. म्हणून त्याला किती गुण अपेक्षित आहेत हे त्याच्या शिक्षकाने लिहून द्यायचे असते, शिवाय त्याच्याविषयी शिफारसपत्रही. आपल्या अनेक ज्युनिअर कॉलेजांत मुलगा हजेरीपुरता जातो आणि क्लासला शिकतो. शिक्षकाला त्याचे नावही ठाऊक नसते, तो अपेक्षित गुण काय लिहिणार? पूर्वी अर्जासोबत स्वतःविषयी निबंध लिहावा लागे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याऐवजी तीन प्रश्न विचारतात: हा विषय का शिकायचा, आतापर्यंतच्या अभ्यासाने त्याची तयारी कशी झाली, आणि वर्गाबाहेर काय केले. तिन्ही उत्तरे मिळून ४,००० अक्षरांत. या तिसऱ्या प्रश्नाला आपली मुले कच्ची नाहीत, हे ध्यानात घ्या. सुट्टीत बापाच्या दुकानात बसून जिने उधारीची वही सांभाळली, मंदीत साचे का बंद पडतात हे डोळ्यांनी पाहिले, तिच्याजवळ लिहायला पुष्कळ आहे. पण ही गोष्ट लिहिण्याजोगी आहे असे तिला कोणी सांगत नाही.

आता कागदपत्रे. या बाबतीत आपण फार बेफिकीर आहोत. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. कोठे शेख आधी तर कोठे शेवटी, कोठे अन्सारीला एक अक्षर कमी तर कोठे जास्त. मुलीच्या नावापुढे कोठे बानो आहे, कोठे नाही. गावात चालून जाते. व्हिसाच्या खिडकीवर चालत नाही.

पैशाचा नियम तर आपल्या धंद्याच्या रीतीच्या अगदी उलट आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाची बाकी फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसावी लागते. एक दिवसही ती खाली गेली तर हिसाब मोडला. शिवाय खाते विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या नावाचे पाहिजे, आणि आई-वडिलांचे असल्यास नाते सिद्ध करणारा जन्मदाखला व त्यांचे संमतीपत्र. आपला पैसा कोठे असतो? सुतात, ग्रे कापडात, गिऱ्हाइकाच्या उधारीत. जो बँकेत असतो तो फर्मच्या चालू खात्यात, सकाळी आला तर संध्याकाळी गेला. कागदावर लाखोंची उलाढाल आणि स्वतःच्या बचत खात्यात चाळीस हजार, अशी आपल्यातील कितीतरी घरे आहेत. म्हणून ज्याला मुलाला पाठवायचे आहे त्याने वर्षभर आधीपासून थोडा थोडा पैसा धंद्यातून काढून स्वतःच्या नावावर ठेवला पाहिजे, आणि तो कोठून आला याचा कागदही. याशिवाय आरोग्य अधिभार म्हणून विद्यार्थ्याकडून वर्षाला ७७६ पौंड घेतात, हा दर २०२४ पासूनचा आहे. पदवीच्या पूर्ण मुदतीचा अधिभार व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावा लागतो.

वाचकांतील कारागीर बांधव म्हणतील, हे सारे सेठ लोकांसाठी झाले, आमच्या मुलाला लंडन कुठले? प्रश्न रास्त आहे. लंडनच्या नामवंत संस्थेत परदेशी विद्यार्थ्याला फी आणि राहणे मिळून तीन वर्षांत कोटीच्या पुढे खर्च जातो. तो आपल्यातील शंभरात एकालाही झेपणार नाही. परंतु जिथे गरिबाच्या मुलाची सोय आहे, तिथेच गणित अधिक कडक आहे, हे आम्हाला चौकशी केल्यावर कळले. अमेरिकेतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याचा प्रवेश ठरवताना त्याच्या बापाची ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर गरजेइतकी सर्व मदत देतात. तिथे निवड होणे फार कठीण, आणि अर्थशास्त्राकडे जाणाऱ्या मुलाचे गणित ते बारकाईने पाहतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग या प्रांतात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याकडून सहामाहीला १,५०० युरो घेतात. राहण्याच्या खर्चासाठी बंद खात्यात ठेवायची रक्कम सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला ११,९०४ युरो केली गेली. आपली नुसती बारावी तिथे सहसा थेट प्रवेशाला पुरत नाही. त्यासाठी स्टुडिएनकोलेग नावाचे एक वर्ष असते आणि अर्थशास्त्राकडे जाणाऱ्यांच्या वर्गात जर्मन भाषेबरोबर गणित असतेच. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्रही घ्यावे लागते. आणि परदेश राहू द्या, आपल्या दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला जायचे तरी गणित लागते! म्हणजे महाग दुकानात गणिताविना काही ना काही मिळून जाते. स्वस्त आणि चोख माल मात्र गणितवाल्यालाच मिळतो.

कर्जाचा प्रश्न आपल्यासाठी दुहेरी आहे. बँकेचे शैक्षणिक कर्ज म्हणजे व्याज, आणि त्यावर प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा, तो आमचा प्रांत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाला अनुदान देणारी केंद्र सरकारची ‘पढो परदेस’ योजना होती, ती २०२२-२३ पासून बंद केली गेली. तिच्या भरवशावर अजूनही कोणी बसले असेल तर त्याने उठावे.

मागच्या पिढ्यांनी हे केले नाही असे नाही. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली शिकायला इंग्लंडला गेले. त्यांचे वडील मुंबईचे व्यापारी होते, आणि त्यांनी आपल्या मुलांना त्या काळात समुद्रापार धाडले. तोच मुलगा पुढे मुंबई उच्च न्यायालयातील पहिला भारतीय बॅरिस्टर झाला आणि १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम उभारणाऱ्यांत पुढे राहिला. डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२६ मध्ये बर्लिनहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. आणि महाराष्ट्रात राहून लंडन स्कूलचे नाव घ्यायचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना विसरता येत नाही. १९१६ साली ते तेथे दाखल झाले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढल्याच वर्षी त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते पुन्हा गेले, १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. झाले. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिली नाही म्हणून फार्सी घ्यावी लागली होती. त्यांचा विषय दुसऱ्यांनी हिरावून घेतला. आपल्या मुलांचा विषय मात्र आपणच, पेढे खात खात, फॉर्मवर खोडतो.

उर्दू शाळेतून आलेल्या मुलांची एक वेगळी भीती असते, ती आम्ही स्वतः भोगलेली आहे. दहावीपर्यंत ज्याला मुसल्लस म्हटले त्याला अकरावीत ट्रायँगल म्हणायचे. जर्ब, तकसीम, तनासुब हे सारे शब्द एका उन्हाळ्यात परके होतात. मुलाला वाटते, आपले गणितच गेले. वास्तविक गणित गेलेले नसते, नुसती नावे बदललेली असतात. समीकरण तेच आणि उत्तरही तेच. दोन महिने कोणी शेजारी बसून शब्द जुळवून दिले तर गाडी चालू लागते. पण त्या दोन महिन्यांतच ‘विषय बदलून घे’ म्हणणारे दहाजण भेटतात.

दरवर्षी आपल्या संघटना गुणवंतांचा सत्कार करतात. शाल, ढाल, फोटो, आणि पाच वक्ते. आम्हीही त्या मंचावर बसलेलो आहोत आणि चहाचे बिल आम्हीही भरलेले आहे. एका सत्काराच्या मांडवाला जेवढा खर्च होतो तेवढ्यात उर्दू आणि इंग्रजी दोन्ही जाणणारा एक गणित शिक्षक अकरावीच्या मुलांसाठी काही महिने दर रविवारी बसवता येईल. मदरशाची किंवा शाळेची खोली रविवारी रिकामीच असते. आमच्या पेठेतील चौघा व्यापाऱ्यांनी याला होकार दिला आहे, दोघे म्हणाले ‘पाहू’. ‘पाहू’ म्हणणाऱ्यांच्या दुकानी आम्ही पुन्हा जाणार आहोत.

त्या मुलीने लंडनचा नाद सोडलेला नाही. तिने येथेच बी.ए.ला प्रवेश घेतला, अर्थशास्त्राबरोबर गणित घेण्यासाठी कॉलेजात भांडली, आणि बारावीच्या गणिताची पुस्तके स्वतः आणून मागचे भरून काढते आहे. पदवीनंतर एम.एस्सी.साठी अर्ज करीन म्हणते. त्यालाही कलन, रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र विचारतात, हे तिने आता आधीच पाहून ठेवले आहे. तिचे वडील दर महिन्याला ठरावीक रक्कम फर्ममधून काढून बचत खात्यात टाकतात.

तिचा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. त्याच्या फॉर्मच्या वेळी आम्हाला विचारू नका, असे आम्ही त्याच्या वडिलांना म्हणालो. ते म्हणाले, ‘विचारणार तर! फक्त या वेळी त्याची बहीण शेजारी बसेल.’